बेदाण्यांचा मुहूर्त

दर वर्षी २२ डिसेंबरच्या आसपास मला घरी फ्रूटकेक करण्याची जबरदस्त इच्छा होते. बेकऱ्यांच्या काचांमागे केक दिसू लागतात, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे लाल टोप्या लटकतात, आणि पंखा चार नंबरवर ठेवूनही बोरिवलीत थंडी पडल्याचा भास होतो. मग मी तळमजल्यावरच्या काकूंच्या दारात उभा राहून जाहीर करतो, "काकू, यंदा केक घरी करतोय."

काकू मूळच्या वसईच्या. पहिल्या वर्षी मी त्यांना 'मेरी ख्रिसमस, आंटी' म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "नाताळच्या शुभेच्छा. आणि आंटी कुणाला म्हणतोस रे?" तेव्हापासून त्या काकू. माझी घोषणा ऐकून त्या भाकरी थापता थापता, मान वर न करता, एकच प्रश्न विचारतात.

"फळं भिजवली का?"

विषय इथे संपतो. मी वर येतो आणि बेकरीतून अर्धा किलो आणतो.

पहिल्या वर्षी मी बाणेदारपणे म्हणालो होतो, "भिजवतो की आता. रात्रभर पुरेल ना?" आषाढी एकादशीचा साबुदाणा सकाळी नऊला भिजत घालणाऱ्या सुनेकडे जसं बघतात, तसं काकूंनी माझ्याकडे बघितलं. खरं तर भिजवण्याच्या बाबतीत मला कुणी कमी लेखावं हे पटण्यासारखं नाही. भिजवणं आपल्या रक्तात आहे. मटकी, हरभरे, वाटाणे, इडलीचे तांदूळ, डॉक्टरांनी सांगितलेले पाच बदाम आणि शेजारणीने सांगितलेली मेथी, असं काही ना काही आमच्या ओट्यावर कायम पाण्यात असतं. पण हे सगळं एका रात्रीचं काम. तीन महिने काही भिजत ठेवायचं, तर त्याला आपल्याकडे फक्त घोंगडं माहीत.

काकूंनी मला शास्त्र समजावलं. सुकी फळं तहानलेली असतात. तशीच केकमध्ये घातली, तर ती आजूबाजूचा सगळा ओलावा शोषून घेतात आणि केकचा भुगा होतो. आधीच पोटभर पाजून ठेवली, तर ती शांत बसतात. रममध्ये ठेवली म्हणजे महिनोन्महिने बुरशी येत नाही आणि चव मुरत जाते. "लग्नाच्या वऱ्हाडासारखं आहे बघ," काकू म्हणाल्या. "आधीच खायला घालून आणलं, की मांडवात गडबड करत नाहीत."

हे ऐकून मी एकदा थलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूचा दाखला दिला. १८८३ साली नाताळाच्या तोंडावर मर्डॉक ब्राउन नावाच्या मळेवाल्या साहेबाने या बेकरीवाल्याला विलायतेचा केक चाखायला दिला आणि तसाच करून मागितला. साहेबाने ब्रँडी घालायला सांगितली होती, बापूने काजूच्या बोंडांची गावठी घातली आणि तरी साहेब खूश झाला, असं सांगतात. "म्हणजे ऐनवेळीसुद्धा जमतं," मी म्हणालो.

"तो बेकरीवाला होता," काकू म्हणाल्या. "तू बँकेत आहेस."

अशी चार वर्षं गेली. गेल्या वर्षी मात्र मी पेटलो. "भिजवायचं कधी, तेवढं सांगा," म्हणून काकूंना आधीच गाठलं. काकू म्हणाल्या, "मोतमाउलीचा सण झाला की आमच्याकडे बरणी भरतात." वांद्र्याच्या मोतमाउलीचा सण ८ सप्टेंबरला. मी मोबाईलमध्ये गजर लावला. फळं तर गणपतीतच आणली, कारण खिरापतीच्या सामानाबरोबर घेतली की स्वस्त पडतात असा माझा हिशेब. प्रत्यक्षात खिरापतीला खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर यांच्या पंगतीत पाचवा 'ख' म्हणून खिसमिस लागतेच. केकच्या अर्धा किलोपैकी पाव किलो बेदाणे बाप्पाकडे गेले आणि आरतीला आलेल्या मुलांनी ते मुठीमुठीने परस्पर निकालात काढले.

राहिलेली फळं घेऊन मी ८ सप्टेंबरला ओट्यापाशी उभा राहिलो. बायको म्हणाली, "आजपासून पितृपक्ष आहे. नवीन काही सुरू करत नाहीत."

"अगं, मी दुकान काढत नाहीये. मनुका भिजवतोय."

"मनुकांना कोण काय म्हणतंय? पण कशात भिजवताय?"

"रममध्ये."

"मग बघा. वरून सगळे बघत असतात."

आमच्या आजोबांची एकंदर कीर्ती पाहता ते वरून बघत असते, तर खाली उतरले असते. पण हे बोलायची सोय नव्हती. पंधरवडा गेला. दुसऱ्या दिवशी घट बसले. देवीच्या नवरात्रात आमच्या घरी कांदासुद्धा जिन्याखाली ठेवतात, तिथे रमचं नाव कोण काढणार? मी नऊ दिवस वरीचे तांदूळ खाल्ले आणि वाट पाहिली. दसरा उजाडला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त! आता कुणी नाही म्हणू शकणार नव्हतं. आपट्याची पानं वाटून झाल्यावर मी कापडी पिशवी घेऊन निघालो. स्टेशनजवळच्या वाइन शॉपचं शटर खाली होतं. मला वाटलं, पूजा चालू असेल. मी शटर वाजवलं, दोनदा वाजवलं. बाजूच्या फुलवाल्याने हातातली झेंडूची माळ बाजूला ठेवली आणि अत्यंत सौम्यपणे सांगितलं, "साहेब, आज गांधीजयंतीपण आहे."

२ ऑक्टोबरला, कपाळावर कुंकवाचा टिळा आणि खिशात सोनं घेऊन दारूच्या दुकानाचं शटर बडवणारा इसम आमच्या वॉर्डात आजवर मी एकटाच असेन.

मग दिवाळी. स्वयंपाकघरातली तसूभर जागासुद्धा चकलीच्या ताब्यात गेली. बरणी ठेवायची कुठे, या प्रश्नाला बायकोने "डोक्यावर" असं उत्तर दिलं. दिवाळी संपते तोच कार्तिकी एकादशी, मग तुळशीचं लग्न. आमच्या मजल्यावर प्रत्येक घरची तुळस वेगळ्या दिवशी बोहल्यावर चढते, त्यामुळे तो मामला पौर्णिमेपर्यंत चालला. इंग्रज लोकही केकच्या बाबतीत मुहूर्त पाळतात. आगमनकाळ सुरू होण्याआधीचा रविवार ते नाताळाच्या पुडिंगचं मिश्रण ढवळायला राखून ठेवतात, घरातला प्रत्येक जण एकेकदा पळी फिरवतो. तो रविवार २० ते २६ नोव्हेंबरच्या मध्ये येतो. पण त्या लोकांना पुढे मार्गशीर्ष नाही. आमच्याकडे २१ नोव्हेंबरला मार्गशीर्ष लागणार होता आणि मग गुरुवारची महालक्ष्मी, उपास, पाच सुवासिनी. म्हणजे श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत रमची बाटली घरात यायला मोकळी फट होती ती कार्तिक पौर्णिमेनंतरचा पंधरवडा, एवढीच. रेल्वेच्या तत्काळ तिकिटालासुद्धा यापेक्षा बरी खिडकी असते.

त्या खिडकीत मी उडी मारली. ६ नोव्हेंबरला संध्याकाळी दुकानात गेलो. समोर बरीच गर्दी होती आणि सगळे जण आपण या गर्दीचा भाग नसून फक्त पलीकडे जायला निघालो आहोत, अशा चेहऱ्याने उभे होते. माझ्या पुढे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आम्ही एकमेकांना पाहिलं.

"पाहुण्यांसाठी," ते म्हणाले.

"केकसाठी," मी म्हणालो.

"असं होय," ते म्हणाले आणि माझ्यापेक्षा स्वतःचं कारण बरं होतं, या समाधानात पुढे सरकले.

काउंटरवरच्या पोराने विचारलं, "क्वार्टर, हाफ की खंबा?" खंबा हा शब्द मी आजवर महावितरणच्या संदर्भातच ऐकला होता. "एक कपभर हवी होती," मी म्हणालो. "फळं भिजवायला." मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काकांना सुट्टी द्या रे." शेवटी १८० मिलीची क्वार्टर ठरली. मग मला कायद्याची आठवण झाली. महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजन्म हजाराला. १९४९ चा कायदा आहे. आणि परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! मी बँकेतला माणूस, कागदाशिवाय मला चैन पडत नाही. "पण पिणार मी नाहीये," मी त्याला म्हणालो. "पिणार बेदाणे. मग परवाना कुणाच्या नावावर काढायचा?"

पोराने माझ्याकडे बघितलं. "काका," तो म्हणाला, "सगळे केकसाठीच नेतात. पाच रुपये सुट्टे आहेत का?"

घरी येऊन फळं चिरायला घेतली. अंजीर, खजूर, जर्दाळू, काळ्या मनुका, टुटीफ्रुटी आणि 'इम्पोर्टेड' चेरी. खजुराचा चौथा तुकडा केल्यावर सुरी हाताला चिकटली, हात पाटाला चिकटला आणि पाट उचलल्यावर त्याच्याबरोबर वर्तमानपत्र आलं. बायकोने लांबूनच सांगितलं, "सुरीला तेलाचा हात लावायचा असतो." हे तिला पहिल्या खजुरापासून माहीत होतं.

फळं चिरता चिरता एक आंतरराष्ट्रीय भंडाफोडही झाला. टुटीफ्रुटी म्हणजे पाकात घालून रंगवलेली कच्ची पपई. ठीक आहे, एवढं ऐकून होतो. पण चेरी चावून बघितली तर आत ओळखीचं काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशी किराणावाल्याकडे जाऊन खडसावलं. तो शांतपणे म्हणाला, "करवंदं आहेत ती. बी काढून, लाल रंग देऊन पाकात टाकतात. सगळीकडे तीच असतात." म्हणजे लहानपणी मी ज्या जाळीतून काटे टोचून घेत फुकट खाल्ली, तीच करवंदं चाळिशीत लाल शालू नेसून, पाकिटात बसून, माझ्याकडून पैसे घेऊन गेली. प्लमकेकमध्ये प्लम नसतोच, हे तर काकूंनी आधीच सांगितलं होतं. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लमच म्हणत, तेच नाव चिकटून राहिलं. एकूण या विलायती केकमध्ये पपई, करवंदं आणि सांगलीचे बेदाणे. साहेबाचं म्हणण्यासारखं त्यात फक्त भट्टीचं तापमान.

बरणीचा प्रश्न आईच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीने सोडवला. तिच्यात पंचवीस वर्षं आंब्याचं लोणचं नांदलं होतं. मी ती तीन वेळा धुतली, उन्हात वाळवली, हुंगून बघितली आणि स्वतःची खात्री पटवली. माणूस स्वतःची खात्री फार पटकन पटवू शकतो. फळं भरली, वर रम ओतली, दादरा बांधला आणि बरणी माळ्यावर चढवली.

काकूंची सूचना होती, चार दिवसांनी एकदा कोरड्या चमच्याने ढवळायचं. मी पहिल्याच रात्री ढवळलं. ढवळल्यावर चमचा रिकामा कसा काढणार? एक बेदाणा येतोच. तो परत टाकणं स्वच्छतेच्या दृष्टीने बरं नाही. दुसऱ्या रात्री कालच्यापेक्षा किती मुरलंय, हे कळायला तुलना आवश्यक होती. मी हे शास्त्रीय पद्धतीने, रोज एकाच वेळी, सगळे झोपल्यावर करत होतो. दहाव्या दिवशी माळ्यावर शिडी लावताना लक्षात आलं की शिडी आधीच लावलेली आहे. वर बायको होती.

"बुरशी आली का बघत होते," ती म्हणाली. तिच्या तोंडात अंजीर होतं.

आमचा मुलगा त्या आठवड्यात हॉस्टेलवरून आला. वय बावीस. महाराष्ट्रात रम प्यायला पंचविशी पूर्ण लागते, हे मी त्याला कायद्याच्या कलमासकट ऐकवलं. "प्यायला ना," तो म्हणाला. "चघळायला किती?" यावर कायदा गप्प आहे. बरणीतली पातळी मात्र बोलत होती. मी आणखी एक क्वार्टर आणली. परवाना पुन्हा पाच रुपये. पोराने या वेळी विचारलंच नाही, म्हणाला, "केक वाढतोय वाटतं."

आणि मग सांगलीहून आत्या आली.

आत्या दर मार्गशीर्षात येते, एक गुरुवार आमच्याकडे करते आणि येताना तासगावचे बेदाणे आणते. आमचे बेदाणे तिने आजवर बेदाणे म्हणून मान्य केलेले नाहीत. "सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तुमच्या बोरिवलीला काय आहे?" असं ती विचारते आणि बोरिवलीकडे याचं उत्तर नसतं. वय पंच्याहत्तर. उपास कडक. बरणी मी माळ्यावरून काढून कपाटात, कपाटातून बाल्कनीत, बाल्कनीतून वॉशिंग मशीनमागे हलवली. चोरीचा माल इतका फिरत नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "बाळ, मशीनमागे बरणी आहे बघ. मुरांबा ठेवायची ही जागा आहे का?"

"तू... उघडलीस?"

"उघडली म्हणजे? दोन दिवस जेवणानंतर दोन चमचे घेतेय. माझं द्राक्षासव घरी राहिलं. हे तसंच लागतंय. समभाग पाणी घातलं की झालं."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने लक्ष्मीच्या फोटोकडे बघितलं. आसव आणि अरिष्ट नैसर्गिकपणे आंबवतात, त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो, हे बाटलीवर छापलेलं असतं. मनाची समजूत घालायला तेवढं पुरे होतं. पण द्राक्षासवात मद्यार्क असतो थोडका आणि या रमच्या बाटलीवर लिहिलं होतं ४२.८ टक्के, हे आत्याला कोणत्या तोंडाने सांगणार? विशेषतः ती "झोप फार छान लागते रे तुमच्याकडे" म्हणत असताना. आठ दिवस आत्या प्रसन्न होती. तिने बायकोच्या आमटीचं कौतुक केलं. बायको म्हणाली, "राहू दे बरणी. केक काय, दर वर्षी येतो."

२४ डिसेंबरला बरणी उपडी केली. सव्वा किलो फळांपैकी एक वाटी निघाली. ती वाटी घेऊन मी काकूंकडे गेलो. काकूंनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढ्यात केक होत नाही," त्या म्हणाल्या. "याची शपथ होईल."

तरीही केला. ती वाटीभर फळं मैद्यात घोळवायची असतात, नाहीतर तळाला बसतात. हे मला पीठ ओव्हनमध्ये गेल्यावर आठवलं. केक फुगला, काढला, कापला. वरचे तीन इंच साधा केक, तळाला अर्धा इंच फळांचा डांबरी रस्ता. मी तो उलटा करून ताटलीत ठेवला, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल. एक तुकडा काकूंना नेऊन दिला. काकूंनी शांतपणे चावला. मग डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना.

"यात हिंग आहे?" काकूंनी विचारलं.

पंचवीस वर्षांचं लोणचं तीन धुण्यात जात नाही.

आत्या परत निघाली, तेव्हा तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायला अवकाश होता. ती पिशवीतून पंचांग काढत म्हणाली, "तुझ्या बरणीचं मी बघून ठेवलंय. पुढच्या वर्षी अशी धांदल नको."

"कसली बरणी, आत्या?"

"बाळ, मी चाळीस वर्षं द्राक्षासव घेतेय. त्याच्यात काय असतं आणि काय नसतं, ते मला जिभेने कळतं." तिने चष्मा चढवला. "रम घरात आणायला वर्षात एकच दिवस बिनबोभाट आहे. आषाढ अमावास्या. त्या दिवशी आणली तर कुणी विचारतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे बरणीला कुणी हात लावणार नाही. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. देवांचाच पहारा बसतो. थेट नाताळापर्यंत."

दिव्यांची अवस. म्हणजे गटारी! पाच वर्षं मी काकूंच्या दिनदर्शिकेत मुहूर्त शोधत होतो आणि तो आमच्याच पंचांगात, अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ असलेल्या दिवशी होता.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे गटारी लांबली आहे, १२ ऑगस्टला आहे. बायकोने लगेच पंचांग उघडून दाखवलं की त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. मीही अभ्यास करून ठेवला होता. ग्रहण स्पेन आणि आइसलँडकडे खग्रास, भारतात दिसणार नाही, सबब वेध नाहीत. नवी काचेची बरणी आणली आहे. तिला कुलूप लागतं. किल्ली आत्याकडे सांगलीला पाठवली आहे, हे चुकलं की काय, अशी आता शंका येते.

तर वाचकांना एकच विनंती. १२ ऑगस्टच्या संध्याकाळी दुकानाबाहेर रांग मोठी असेल. त्या रांगेत कापडी पिशवी घेतलेला, पाच रुपये सुट्टे मुठीत धरलेला एक बँकवाला दिसला, तर त्याला जरा पुढे जाऊ द्या. केकसाठी आहे.